तळ्यावरची हिरवी साय

तिसरी गाय माझ्यासमोर कोसळली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. जखम नाही, तोंडाला फेस नाही, फक्त डोळ्यांच्या आतली कातडी पांढरीफटक. उरलेल्या सात गायी रवंथ थांबवून तिच्याकडे बघत होत्या.

"डॉक्टर, काल तुमीच इंजेक्शन दिलं," आप्पा म्हणाले. मिरजगावजवळच्या त्या गोठ्याचे मालक.

माझं डोकं फिरलं. "इंजेक्शन एकीला दिलं, आप्पा. मेल्या तिघी. मोजता तरी येतं का?"

"मग काय भूत लागलं व्हय?"

तिथंच पोस्टमॉर्टेम केलं. लिव्हर फुगून काळंजांभळं झालेलं. सुरी लावताच ते रक्ताच्या पिशवीसारखं हातात ढासळलं. तासाभरापूर्वी ही गाय उभी होती.

मग शेततळं पाहिलं. वारा होता, पण पाणी हलत नव्हतं. ऑइलपेंट ओतल्यासारखी जाड हिरवी साय गोठ्याकडच्या कोपऱ्यात गोळा झाली होती. तिथूनच पाइप गायींच्या हौदात जात होता. काठावर मेलेली साळुंकी, चोच पाण्यात. एकही बेडूक ओरडत नव्हता.

"तळ्यात काय टाकता?"

"शेणाची स्लरी. ठिबकमधून पिकाला जाती. पानी लई कसदार झालंय."

ते विषारी शेवाळ होतं, स्लरीवर पोसलेलं. आपल्या पेशींत कायनेज नावाची एन्झाइम्स प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून त्यांचं काम बदलतात. फॉस्फेटेज नावाची दुसरी एन्झाइम्स ते फॉस्फेट काढून घेतात. हे विष लिव्हरमध्ये शिरून फॉस्फेटेजलाच जखडतं. फॉस्फेट चिकटतच राहतं, पेशीला आतून ताठ ठेवणारे तंतू सुटतात, पेशी ढासळते.

आप्पांना म्हणालो, "मोटर चालू करणारा जागेवर आहे. बंद करणारा बांधून ठेवलाय."

"औषध?"

"नाही. हौद आत्ता रिकामा करा, टँकर मागवा. आजचा दिवस सोडून एक जरी गाय मेली, तर या गावात पाय ठेवणार नाही. वाचल्या, तर चावडीवर सांगायचं, इंजेक्शनचा दोष नव्हता."

"कबूल."

आजचा दिवस मी मुद्दाम सोडला होता. सातांपैकी कोण आतून ढासळू लागली आहे, ते बाहेरून दिसत नव्हतं. संध्याकाळी एक गाय चारा चघळता चघळता गेली. उरलेल्या सहा वाचल्या. पाण्याच्या सॅम्पलचा रिपोर्टही शेवाळाच्या विषाचाच आला.

आप्पा चावडीवर गेले आणि म्हणाले, "टँकरच्या पान्याचा गुन आला." माझ्याबद्दल चकार शब्द नाही. त्या गावात अजून मी इंजेक्शनवाला डॉक्टर.

तेव्हापासून कुठल्याही गोठ्यात गायीआधी पाणी बघतो. आणि शब्द घ्यायचा असेल, तर चार माणसांसमोर घेतो.