केर्नर की रोसाटी

हरिचंद्रला प्लास्टिकचा मनस्वी तिटकारा. घरात प्लास्टिकची बादली आली तरी तो महिनाभर कुरकुरायचा. आणि नशीब बघा, फौजेतून पेन्शन घेऊन बदलापूरला परतल्यावर पोटापाण्यासाठी त्याच्या कमरेला लटकलं ते प्लास्टिकच्या बॉडीचं परदेशी पिस्तूल. नळी आणि वरची स्लाइड तेवढी पोलादी, बाकी मूठ, सांगाडा सगळं काळं, खरबरीत प्लास्टिक. पहिल्या दिवशी हातात घेतलं तेव्हा त्याला पंक्चर काढायच्या रबराच्या तुकड्याची आठवण झाली.

पंधरा वर्षं तो आर्मरर होता. म्हणजे पलटणीची हत्यारं खोलायची, पुसायची, दुरुस्त करायची आणि जवानाच्या हातात देताना सांगायचं, जा, हे दगा देणार नाही. त्या एका वाक्यावर त्याची सगळी ऐट होती. गावात लोक त्याला हरचंद फौजी म्हणत. कुणाच्या वाटणीत भांडण झालं की म्हणत, फौजीला विचारा, तो खोटं बोलायचा नाही. हे ऐकून तो वरवर हात झटकायचा, पण आतून सुखावायचा.

तर असा हा माणूस चौऱ्याण्णव साली शशिकांतशेठकडे लागला. शेठ बिल्डर. ऑफिस विठ्ठलवाडी स्टेशनसमोर, पहिल्या मजल्यावर, थंडगार एसी आणि त्या एसीतही न मरणारा गुटख्याचा वास. पिस्तुलाचं लायसन्स शेठच्या नावावर, आणि ते बाळगणारा माणूस म्हणून हरिचंद्रचं नाव कागदावर चढवलेलं, सगळं रीतसर. पिस्तूल केर्नर कंपनीचं. शेठ ऑफिसात आला की ते मागून घ्यायचा, कमरेला खोचायचा आणि खुर्चीत बसला की परत काढून टेबलाच्या काचेवर ठेवायचा. पोट इतकं सुटलेलं की बसल्यावर टोचतं, म्हणून काढत असेल, अशी हरिचंद्रनं स्वतःची समजूत घातली होती. दोन वर्षं ती समजूत त्यानं जपली. पगार वेळेवर येत असला की माणूस काय काय जपतो!

खरं तर शिसारी यावी असंच ते टेबल होतं. शेठ सकाळी कॅम्पातल्या सिंधी हॉटेलातून दालपकवान मागवायचा आणि त्याच टेबलावर पिस्तुलाशेजारी ओरपायचा. मग तेलकट बोटांनी पिस्तूल उचलून दाखवायचा, आलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघत. संध्याकाळी हरिचंद्र जुन्या बनियनच्या चिंधीनं मुठीवरचं तूप, डाळ, कधी गुटख्याची लाळ पुसत बसायचा. फौजेत हत्याराला चिखल लागायचा, रक्तही लागायचं. पण ही घाण पुसताना त्याला जेवण जायचं नाही.

शहाण्णवच्या थंडीत एक भानगड झाली. शिरगावचा बाळाजी नावाचा एक शेतकरी जमिनीचं बोलायला आला होता. शेठनं नेहमीप्रमाणे केर्नर काचेवर ठेवलं. बाळाजीनं ते निरखून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला की त्याच्या नातवानंही जत्रेतून अस्संच आणलंय, टिकल्या मात्र दोन दिवसांत संपल्या. ऑफिसातला प्यून हसला, मॅनेजर विष्णुपंतांना खोकला आला आणि बाळाजी सही न करता जिना उतरून गेला. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आठ दिवसांत मुंबईच्या दुकानातून दुसरं पिस्तूल आलं, रोसाटी कंपनीचं. तेही प्लास्टिकच्या बॉडीचं, पण स्लाइड चकचकीत, रुपेरी, आणि अंगानं जड. लायसन्सवर दोन्ही चढली. शेठनं हरिचंद्रला बोलावून सांगितलं की दोन्ही नीट पारख, एक ठेवायचं आणि एक विकून टाकायचं. बदलायचं की नाही ते तू सांग. या विषयातलं तुझ्याइतकं इथे कुणाला कळतं?

बस्स! या एका वाक्यावर आमचा फौजी पाघळला. फौज सोडल्यापासून त्याला त्याच्या कामातलं असं कुणी विचारलंच नव्हतं. घरी येऊन त्यानं बायकोला, अंजनीला, दोन्हींचं वर्णन ऐकवलं. ती वाल सोलत होती. तिनं एवढंच विचारलं की शेठला मारायला कोण टपलंय. हरिचंद्र म्हणाला, कुणी नाही. मग दोन कशाला, असं म्हणून तिनं टोपलं उचललं. बायकांना यातलं काय कळतंय, असं त्याला वाटलं.

पुढचे चार दिवस तो हवेत होता. शेठच्या खदानीत जाऊन मातीच्या बांधावर त्यानं दोन्ही चालवून पाहिली. पंधरा पावलांवरून, पंचवीस पावलांवरून. खोलना-जोडना किती वेळात होतं ते घड्याळ लावून पाहिलं. मॅगझीनमध्ये बारीक रेती घालून पाहिली. केर्नर एकदाही अडकलं नाही. रोसाटी तीनदा अडकलं, आणि घोडा इतका जड की हात हलून नेम खाली जायचा. ज्या प्लास्टिकला तो दोन वर्षं नाकं मुरडत होता, त्यानंच त्याला तोंडघशी पाडलं होतं, आणि हे कबूल करताना त्याला गंमत वाटली. फुलस्केप कागदावर, फौजेत लिहायचा तसा, त्यानं रिपोर्ट लिहिला. खाली ओळ टाकली: केर्नर ठेवावे, बदलू नये, रोसाटीवर जीव सोपवता येणार नाही. सही केली, तारीख घातली.

शेठ दालपकवान खात होता. कागद घेतला, वाचला नाही, टेबलावर ठेवला. मग त्यानं विष्णुपंतांना डोळे मिटायला लावले. विष्णुपंत साठीचे गृहस्थ, कपाळाला गंध, ते खरंच डोळे मिटून बसले. शेठनं आधी केर्नर काचेवर आपटलं, मग रोसाटी. विचारलं, कुठल्या आवाजानं पोटात गोळा येतो? विष्णुपंत म्हणाले, दुसऱ्या. शेठ खूश. पुन्हा आपटलं, थोडं वरून. मग त्यानं हरिचंद्रच्या रिपोर्टाला बोटं पुसली आणि तो कागद चुरगळून केराच्या डब्यात टाकला.

हरिचंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं जपलेली ती पोटाला टोचण्याची समजूत त्या चुरगळलेल्या कागदाबरोबर डब्यात गेली. हे पिस्तूल कुणाला मारायला नव्हतं, शेठचा जीव वाचवायलाही नव्हतं. ते सही करणाऱ्याच्या समोर ठेवायचं बुजगावणं होतं. त्याला शेठची किळस आली, डोळे मिटून बसलेल्या त्या गंधवाल्या म्हाताऱ्याची आली, आणि सगळ्यात जास्त त्या चार दिवसांतल्या स्वतःच्या उत्साहाची. तिथल्या तिथे पिस्तुलाच्या कपाटाची चावी टेबलावर टाकून निघावं असं वाटलं. पण घराचा स्लॅब अर्धाच टाकून झाला होता. तो दाराबाहेर आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

आतून शेठचा आवाज आला की उद्या अकराला मांजर्लीची राजाबाई येतेय, रोसाटी तिच्यावर बघू.

राजाबाई! अंजनीचं माहेर मांजर्लीचं, आणि राजाबाई तिथली भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. लग्नात अंजनीला हळद लावणारी. विधवा, मूलबाळ नाही. नदीकाठी तिचं खालचं शेत, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारं, आणि वर घर. ती खालचं शेत द्यायला तयार होती, घर नाही. शेठनं तोंडी हो म्हटलं होतं. पण परवाच विष्णुपंत टायपिस्टला मजकूर सांगत होते तेव्हा हरिचंद्र स्टुलावरच होता, आणि 'घर व अंगणासहित' हे शब्द त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकले होते. कागदात काय आहे ते आपलं काम नाही, आपलं काम हत्याराचं, असं म्हणून त्यानं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं.

रात्री त्यानं अंजनीला यातलं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजाबाई आली. स्वच्छ धुतलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. शेठनं हरिचंद्रला मुद्दाम आत बोलावून रोसाटी मागितलं आणि तिच्या समोर काचेवर धाडकन ठेवलं. काचेखालचे देवांचे फोटोसुद्धा हलले. विष्णुपंतांनी साठेखत पुढे सरकवलं, आज अंगठा, परवा रजिस्टर असं सांगितलं आणि शाईचा पॅड उघडला.

राजाबाईनं पिस्तुलाकडे बघितलं नाही. ती दाराशी उभ्या असलेल्या हरिचंद्रकडे बघत होती, आणि तिचा चेहरा उजळला होता.

"हरचंद, तू हितं हायस व्हय? मग माजी काळजी मिटली," ती म्हणाली. "मला वाचता येत नाय बाबा. कागदात खालचं शेतच हाय ना? तू सांग, मग मी अंगठा देते."

विष्णुपंत घाईघाईनं म्हणाले, शेतच आहे, शेतच. तिनं त्यांच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. ती थांबून राहिली. एसी घरघरत होता. शेठ खुर्चीत हलला नाही, हरिचंद्रकडे नुसता बघत राहिला. हरिचंद्रला तुटपुंजी पेन्शन आठवली, स्लॅबच्या बाहेर आलेल्या सळ्या आठवल्या, शेठनं दिलेली सिमेंटची गोणी आठवली.

त्यानं मान डोलावली. हो म्हणून.

राजाबाईनं अंगठा दिला, तीन ठिकाणी. जाताना पिशवीतून पेरू काढून त्याच्या हातात ठेवले, अंजनीला दे म्हणाली, आणि कठडा धरून सावकाश जिना उतरली.

ती खाली पोहोचायच्या आत शेठ हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यानं विष्णुपंतांना सांगितलं की दोन्ही पिस्तुलांना गिऱ्हाईक बघा.

"म्हातारीनं टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही," तो हरिचंद्रला म्हणाला. "तुझ्याकडेच बघत होती. मी उगाच लाखभर रुपये प्लास्टिकवर घालवले. उद्यापासून तू बाहेर बसू नकोस, इथे माझ्या शेजारी खुर्ची टाक. मांजर्लीचे अजून सहा जण बाकी आहेत."

हरिचंद्र दुपारीच घरी आला. पेरू त्यानं ओट्यावर ठेवले आणि मोरीत जाऊन साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. अंजनीनं दोनदा हाक मारली तेव्हा तो बाहेर आला. तिनं पाट मांडला होता. लवकर आलात, निकाल लागला वाटतं, असं म्हणत तिनं भाकरी वाढली.

"मग शेठनं कुठलं ठेवलं?" तिनं विचारलं.

"मला," तो म्हणाला.

तिला काही उमजलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं, तिच्याकडे न बघता, ताटाकडे बघत. घर व अंगणासहित हे शब्द सांगितले. मान डोलावली तेही सांगितलं. आणि शेवटी, पेरू कुणी दिले ते.

अंजनीनं हातातली भाकरी परत टोपल्यात टाकली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यानं लग्नाला सतरा वर्षं झाली तरी कधी पाहिलं नव्हतं. कुजलेलं काही पायाखाली आल्यावर माणूस तसं बघतं. तिनं हात धुतले, पदर खोचला आणि दारातल्या चपला पायात घातल्या.

"रजिस्टर परवा आहे ना?" ती म्हणाली. "मग उठा. तुमच्या तोंडानं सांगणार असाल तर बरोबर या. नाहीतर मी सांगते, आणि कुणाच्या नवऱ्यानं मान डोलावली तेही सांगते."

ती त्याची वाट न बघता मांजर्लीच्या रस्त्याला लागली. हरिचंद्र ताटावरून उठला आणि तिच्या मागून निघाला.