पोत्याच्या तळाचा तांदूळ

"मोठं उघड. अजून. मागच्यांना दिसायला हवं."

डॉक्टरनं माझी हनुवटी धरली आणि तोंड ट्यूबलाइटकडे वळवलं. मी स्टेजवर, लाकडी खुर्चीत. गाल सुजून डोळ्याला टेकलेला. अंगात ताप. जबडा जरा हलला की कळ कानातून मस्तकात जायची. समोर आमच्या बेंगळुरातल्या मराठी महिला मंडळाच्या बायका, केसांत मल्लिगेचे, म्हणजे मोगऱ्याचे, गजरे. आणि पार मागे, चपलांच्या ढिगाजवळ जमिनीवर बसलेली माझी आई.

"बघा," डॉक्टर म्हणाला, "मिश्री लावून लावून काय अवस्था होते."

कुणीतरी "शी" म्हणालं. फ्लॅश चमकला, फोटो निघाला. मग डॉक्टरनं माईक माझ्या तोंडासमोर धरला.

"हे लावायला तुला कुणी शिकवलं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आईपण बघत होती.

"आईनं," मी म्हणाले.

हॉलभर चुकचुकाट झाला. पुढच्या रांगेतली एकजण हसली. आईनं पदर ओढून तोंडावर घेतला, आणि दंतशिबीर संपेपर्यंत तो तसाच ठेवला. डॉक्टरनं पुन्हा माझं तोंड उघडलं, आणि स्टेजच्या बाजूनं दुसरा फोटो निघाला.

दात मिश्रीनं गेला नव्हता. मला ते ठाऊक होतं. जिच्या सांगण्यावरून मी स्टेजवर बसले, तिलाही ठाऊक होतं.

आम्ही निपाणीकडच्या. तिकडं आई विड्या वळायची. बाप गेल्यावर एका ओळखीच्या बाईनं आम्हाला इथं आणलं. के. आर. पुरमला पत्र्याच्या खोलीत राहायचो आणि सकाळच्या पॅसेंजरनं शहरात यायचो, चिकपेटेत अक्कांच्या घरी. अक्का म्हणजे साड्यांच्या मोठ्या दुकानाची मालकीण, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातली. मंडळाची सेक्रेटरी. सगळी पेठ त्यांना अक्का म्हणायची. पहिल्या दिवशी त्यांनी आमचं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग जात. आईनं सांगितली. "सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या, "आपली मराठी माणसं आहात, तेवढं पुरे." दुसऱ्या दिवसापासून आमचे चहाचे कप मोरीच्या कट्ट्यावर वेगळे. आई भांडी घासायची, मी झाडू-फरशी करायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आम्ही कधी गेलो नाही.

पगाराच्या जोडीला तांदूळ मिळायचा. पोत्याच्या तळाचा. वरचा चांगला संपला की खाली उरलेला, माती-कचरा-खडे असलेला, अक्का पिशवीत भरून द्यायच्या. वर सगळ्यांना सांगायच्या की मी हिला धान्यपण देते.

एका संध्याकाळी आमच्याकडं वीज गेली होती. आईनं चिमणीच्या उजेडात तांदूळ निवडला, मी भात केला. दुसऱ्याच घासाला कड्‌कन आवाज आला. मला वाटलं भांडं फुटलं. तोंडातून खडा काढला, त्याच्याबरोबर दाताचा तुकडा आला. मागची दाढ उभी चिरली होती.

मी जमिनीवर लोळले. आईनं मिश्रीची डबी उघडली.

"चिमूटभर दाब तितं. बधिर होतंय. आमीबी तसंच करतोय."

आमच्याकडं दाताला दुसरं औषध नसायचंच. मिश्रीच दाबायची. मी दाबली. थोडा वेळ बरं वाटलं. सकाळी तोंड सुजलं होतं.

कामावर गेले तेव्हा अक्कांनी बघितलं. मी खड्याचं सांगितलं. तांदूळ कुठला हेही सांगितलं.

"निवडून खायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. मग तोंडात बघितलं. सगळं काळं. त्यांचा चेहरा उजळला, खोटं सांगत नाही. "मिश्री लावतेस? अगं, परवा आपलं दंतशिबीर आहे. माझा भाचा डॉक्टर आहे, तो येणार आहे. फुकटात करून देईल तुझं. स्वल्प थांब."

आई म्हणाली, "अक्का, आजच सरकारी दवाखान्यात नेते की. लई सुजलंय."

"दोघींनी खाडे केल्यावर शिबिराची तयारी कोण करणार?"

थांबलो. त्या दोन दिवसांत मला ताप चढला, पाणी गिळवेना. आणि मी त्या हॉलच्या फरशा पुसल्या, सतरंज्या घातल्या. मनात सारखं येत होतं की आपण त्रास देतोय. ऐन कामाच्या वेळी आपला दात दुखतोय, ही आपलीच चूक. आईला म्हणालेसुद्धा, "तू नीट निवडला असतास तर."

शिबिराच्या आधी बाजूच्या खोलीत डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं. मी म्हणाले, "खडा लागला." तो अक्कांकडं वळला. अक्का दारातच उभ्या होत्या.

"मिश्रीचंच सांग," त्या मला हळू आवाजात म्हणाल्या. "भाषण त्याच्यावर ठेवलंय. मग हा लगेच औषध देईल."

मला औषध हवं होतं. म्हणून मी बसले स्टेजवर, आणि म्हणून मी आईचं नाव घेतलं.

औषध मिळालं. सूज उतरल्यावर डॉक्टरनं दात काढलासुद्धा, त्याच्या दवाखान्यात. खुर्चीवर आधी पेपर अंथरला, मग मला बसवलं. खुर्चीला लागूनच चूळ टाकायचं पांढरं भांडं होतं. "इथं नाही," तो म्हणाला. मी तोंडात रक्त धरून मागच्या नळापर्यंत चालत गेले. तेव्हाही मला उपकारच वाटले.

पुढच्या वर्षी पुन्हा शिबीर ठरलं. अक्कांच्या दिवाणखान्यात मंडळाच्या बायका जमल्या होत्या. मी दाराशी फरशी पुसत होते, आई मोरीत भांडी घासत होती. गेल्या वर्षीचे फोटो हातोहात फिरत होते. अक्कांनी एक माझ्यासमोर धरला. "बघ गं, ओळखतेस का?"

माझं उघडं तोंड. डॉक्टरची बोटं. आणि फोटोच्या कडेला, चपलांजवळ, पदरानं तोंड झाकलेली माझी आई. एवढीशी. तिला फोटोत घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं.

वर्षभर मी तो पदर बघत होते. आई हसताना तोंडावर पदर घेई. बोलताना घेई. मी विचारलं नव्हतं. विचारायची छाती नव्हती.

"यंदा हिला स्टेजवर घेऊ," अक्का म्हणाल्या. "मिश्री सोडली म्हणून सत्कार करू. आईलाही शपथ द्यायची. ये इकडं, तोंड दाखव यांना."

"नाही दाखवणार."

"काय म्हणालीस?"

"माझा दात खड्यानं फुटला, अक्का. तुमच्या पोत्याच्या तळाच्या तांदळातल्या. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. दोन दिवस तुम्ही मला तापात ठेवलंत, दाखवायला."

बायकांनी हातातले फोटो खाली ठेवले. मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

अक्का लाल झाल्या. "एवढं केलं तुमच्यासाठी. लाज वाटत नाही?"

"वाटते. आईचं नाव घेतलं त्याची वाटते."

मी फडका बादलीत टाकला. आई हात पुसत दारात आली होती. आम्ही दोघी जिना उतरलो. त्या महिन्याचा पगार राहिला तो राहिलाच.

पॅसेंजरमध्ये आई खिडकीशी बसली. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. तिनं घेतलं नाही.

"आई, त्या दिवशी मी खोटं बोलले. खड्याचं सांगायचं सोडून तुझं नाव घेतलं."

"ठावं हाय मला," ती बाहेर बघत म्हणाली. "मी तितंच होते की."



पुढं मी शिलाईच्या कारखान्यात लागले, आई बांधकामावर जाऊ लागली. आता तिचेच दात हलतात. ती सांगत नाही. भात कुस्करून एकाच बाजूनं खाते. दवाखान्याचं नाव काढलं की पदर तोंडावर जातो. हे मी केलंय. अक्कांनी केलं, त्या डॉक्टरनं केलं, आणि माईकसमोर मी केलं.

कालपासून तिचा गाल सुजलाय. ती म्हणते, "आपोआप उतरंल."

उतरायची वाट मी बघणार नाही. उद्या खाडा करून तिला सरकारी दवाखान्यात नेणार. ती खुर्चीत बसेल, जमिनीवर नाही. चूळ खुर्चीजवळच्या भांड्यातच टाकेल. डॉक्टरनं दात बघावा, औषध द्यावं. मिश्री लावू नको म्हणाला तर तेही ऐकू. पण चार लोकांसमोर तिचं तोंड कुणी धरायचं नाही. कुणी हात घातला, तर तो हात मी बाजूला करीन, आणि तिचा दात बघून घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.