वळणावर मागं जाणारा हात

हफिजा हमदुलेला सवत होती. तिला तीन चाकं होती, अंगाचा रंग लाल, वय चाळिशीचं, आणि कुवेतमध्ये महबूल्यातल्या त्यांच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती निळ्या ताडपत्रीखाली झोपायची. हफिजा तिचं नाव घेत नसे. ‘ती तुमची’ एवढंच म्हणायची, तेही नाक मुरडून.

हफिजाचा नवरा तौफीक हमदुले मूळचा दाभोळचा, आणि गेली अठ्ठावीस वर्षं शुवैखच्या एका गॅरेजात मेकॅनिक. वाळूत धावणाऱ्या तीनचाकी गाड्यांचं वेड त्याला तिथंच लागलं. पुढं एक फुगीर चाक, मागं दोन, मध्ये मोटरसायकलसारखी बैठक. चाळीस वर्षांपूर्वी अशा गाड्या खूप विकल्या गेल्या. मग त्यांवरून माणसं फार पडायला लागली म्हणून बनवणंच बंद झालं. जे बंद झालं ते दुरुस्त करून चालवायचं, हा मेकॅनिक लोकांचा जुना आजार. तौफीकनं भंगार बाजारात हिंडून हिंडून एकेक भाग जमवला, दोन वर्षांत गाडी उभी केली आणि तिच्यावर बसून तो हौशी लोकांच्या शर्यतीत धावायला लागला, त्याला आता सोळा वर्षं झाली.

शर्यत म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. हिवाळ्यात कबदकडच्या वाळवंटात तंबू पडतात, तिथं ठरलेल्या शुक्रवारी दहा-अकरा जण जमतात. सहासात पेन्शनीतले कुवेती, एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, वेल्डर, दोन फिलिपिनो भाऊ, आणि आपला तौफीक. जुन्या टायरांच्या राशी मांडून आखलेला रस्ता, पाच फेऱ्या, पहिल्या तिघांना एकेक थर्मास. बाजारात कुठंही मिळणाऱ्या त्या थर्मासपायी ही शहाणीसुरती माणसं हाडं मोडून घेतात. तौफीकला तोही कधी मिळाला नव्हता. तो नववा यायचा. कधी आठवा आला तर घरी फोन करून सांगायचा नाही, पण त्या दिवशी आवाज जरा मोठा असायचा.

हा फोनच हफिजाच्या मनात सलत होता. लग्न झालं, आठ महिने दोघं दाभोळला राहिली, आणि पोटात सना सहा महिन्यांची असताना तो कुवेतला गेला. त्यानंतर चोवीस वर्षं दोन वर्षांतून एकदा महिनाभराची रजा, आणि एरवी शुक्रवारचा फोन. शुक्रवारी सुट्टी, म्हणजे माणूस सकाळी फोन करील. पण पुढं पुढं याचा फोन यायचा दिवेलागणीनंतर, दमलेला. जेवलीस का, कौलं शाकारली का, सनाचा खोकला गेला का. बरं, ठेवतो. नंतर नंतर हफिजाला कळलं की सकाळभर हे गृहस्थ वाळवंटात त्या लाल गाडीवर असतात. तेव्हापासून ती सवत झाली. चार वर्षांपूर्वी सनाचं लग्न झालं, हफिजा नवऱ्याकडं कुवेतला आली, आणि पार्किंगमध्ये त्या ताडपत्रीसमोर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिनं ताडपत्री उचलूनसुद्धा बघितली नाही.

बरं, नुसतं वेड असतं तर तिनं सोसलं असतं. पण तौफीकला एक खोड होती. या गाडीवर वळताना अंग आतल्या बाजूला झोकायचं असतं, पाय मात्र पायट्यावरच ठेवायचे. मोटरसायकलसारखा पाय खाली टेकला की तो वाळूत मागं ओढला जातो आणि मागचं चाक स्वतःच्याच पोटरीवर चढतं. नवशिका पहिल्या दिवशी हे शिकतो. तौफीक इतरांना शिकवायचा, आणि स्वतः डावं वळण आलं की डावा पाय टेकायचा. चाक तीनदा चढलं होतं. तिसऱ्यांदा, गेल्या मार्चमध्ये, घोट्यावरचं हाड गेलं. सहा आठवडे प्लास्टर, एका पायावर आंघोळ, गॅरेजात स्टुलावर बसून काम. मालक भला म्हणून नोकरी राहिली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी हफिजानं त्याला समोर बसवून कबूल करून घेतलं. आता चौथ्यांदा चाक चढलं, तर ती लाल अवदसा ज्या भंगारातून आली त्या भंगारात जाणार. तौफीकनं मान डोलावली. पण त्या दिवशी तो जेवला नाही. या देशात अठ्ठावीस वर्षं घालवली; घर भाड्याचं, गॅरेज मालकाचं, पाना-पक्कडसुद्धा मालकाची. त्याचं म्हणावं असं ते एकच होतं. हफिजाला हे कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती आणखी चिडत होती.

पुढच्या हिवाळ्यात तौफीकनं नाव दिलं ते एकाच शर्यतीत, फेब्रुवारीतल्या शेवटच्या. दोन आठवडे आधीच्या शुक्रवारी सराव होता. हफिजा म्हणाली, मीही येणार; बघू तरी तो पाय कसा खाली येतो ते. तौफीक घाबरला. तिनं डब्यात भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी घेतली, बुरखा सावरला आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

शर्यतीचा सगळा कारभार बघायचा जयदीप. तो नाशिकचा, तेल कंपनीत इंजिनिअर, स्वतः कधी गाडीवर न बसणारा. वेळ मोजायची, निशाण दाखवायचं आणि फोनवर चित्रण करायचं ही त्याची हौस. त्यानं हफिजाला तंबूच्या सावलीत खुर्ची दिली. ती बसली नाही. सरळ पहिल्या डाव्या वळणाजवळ टायरांच्या राशीमागं जाऊन उभी राहिली.

गाड्या आल्या. तौफीक सहावा होता, चांगला वेगात होता. वळण आलं, तसा त्यानं वेग उतरवला, डावा हात हँडलवरून सोडला, कमरेच्या मागं नेला, हवेत एकदा थोपटल्यासारखं केलं आणि परत आणला. तेवढ्यात डावा पाय खाली आला, वाळूला लागला, थोडक्यात वाचून वर गेला. तौफीकला हात मागं करताना बघून मागचे दोघं बाजूनं पुढं निघून गेले.

जयदीप हसत हसत म्हणाला, तौफीकभाईंचं हे नेहमीचंच आहे. वळण आलं की त्यांची पाठ खाजते असं आम्ही म्हणतो. मागच्यांना वाटतं ते वाट देतायत, म्हणून सगळे पुढं काढतात. नाहीतर हा माणूस नववा येणारा नाही.

हफिजा हसली नाही. तिनं विचारलं की हे कधीपासून चाललंय.

“मी आलो तेव्हापासून, भाभी. माझ्याकडं सगळं आहे, दाखवू?”

तंबूत बसून त्यानं फोनवर जुनी चित्रणं काढली. एकात तौफीकचे केस सगळे काळे होते. वळण आलं, हात मागं गेला, हवेत थोपटून परत आला. दुसऱ्यात दाढी होती, तिसऱ्यात नव्हती. हात जात होता. बारा वर्षांचं जयदीपकडं होतं, आणि बारा वर्षांत एक डावं वळण असं नव्हतं की तो हात मागं गेला नाही. उजव्या वळणाला कधीच नाही.

हफिजाला ठाऊक होतं तो हात कुठं जातोय. जगात आणखी कुणाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. लग्नानंतरचे ते आठ महिने, थोरल्या दिरांची राजदूत मोटरसायकल, आणि दाभोळहून दापोलीला डॉक्टरीणबाईंकडं जायचा वळणावळणाचा रस्ता. सना पोटात. हफिजा मागं डावीकडं पाय सोडून एका अंगावर बसलेली, हातात कडी घट्ट धरून. डावं वळण आलं की गाडी तिच्या बाजूला कलायची आणि तिचा जीव वर यायचा. तेव्हा नवा नवा नवरा काही बोलायचा नाही. वेग उतरवायचा, डावा पाय जमिनीला लावायचा, हात मागं आणून तिच्या गुडघ्यावर एकदा थोपटायचा. आहेस ना. आहे. मग पुढं.

मोजून नऊ-दहा फेऱ्या झाल्या असतील दापोलीच्या. त्यानंतर तो विमानात बसला.

हफिजानं जयदीपला फोन परत दिला आणि बुरख्याच्या टोकानं तोंड पुसलं. ज्या शुक्रवारच्या सकाळी ती दाभोळला ओट्यावर बसून फोनची वाट बघत, मनात या माणसाला हव्या त्या शिव्या देत होती, त्याच सकाळी हा इथं वाळूत हात मागं नेऊन ती बसली आहे ना ते चाचपत होता. आणि या मुखदुर्बळ माणसाला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

भाकऱ्या सगळ्यांनी खाल्ल्या, मिसरी वेल्डरनं चटणी मागून मागून घेतली. घरी येईपर्यंत हफिजा रिकामा डबा मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होती. तौफीकला वाटलं, पाय खाली आलेला तिनं पाहिला, आता गाडी गेली.

पुढचे दोन आठवडे हफिजाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आमटीत दोनदा मीठ पडलं. सांगावं तर लागणारच होतं. हात गेला की पाय जातो, आणि पाय गेला की चाक चढतं. पाय वाचवायचा तर हात थांबवायलाच हवा. पण अठ्ठावीस वर्षांत या माणसानं तोंडानं कधी ‘तुझी आठवण येते’ म्हटलं नव्हतं. जे काही म्हटलं होतं ते त्या हातानं. आणि आता तिनंच सांगायचं की म्हणू नको. न सांगता गाडीच विकायला लावली तर? तरीही हात थांबणारच. हफिजाला रडू येत होतं आणि नवऱ्याचा भयंकर राग येत होता. आधी का नाही कळलं, याचा राग कुणावर काढायचा ते न सुचून तिनं दोन गोधड्या धुऊन काढल्या.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तौफीक मिठाच्या कोमट पाण्यात पाय घालून बसला होता. ती समोर खाली बसली.

“वळनावर तुमचा हात मागं जातो. म्हाईत हाय तुमाला?”

तौफीक म्हणाला, जयदीप काहीतरी चेष्टा करतो, पाठ वगैरे.

“पाठ नाय. दापोलीचा रस्ता हाय तो. राजदूतवर मी मागं बसायची ना, तवाचा.” ती पाण्याच्या भांड्याजवळ सरकली. “मी मागं नाय आता. इथं हाय, तुमच्या समोर. उद्या मी वळनावर उभी ऱ्हाते. माज्याकडं बघा, पन हात मागं न्हेऊ नका. पाय वर ऱ्हाऊ दे.”

तौफीकनं डावा पाय पाण्याबाहेर काढला आणि त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, “मना ठावं नव्हतं.” मग उठून, ओले पाय तसेच फरशीवर उमटवत, गॅलरीत जाऊन उभा राहिला. हफिजा त्याच्या मागं गेली नाही. काही वेळ माणसाला एकटं सोडावं एवढं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा गाड्या सुटल्या. हफिजा त्याच वळणावर, त्याच टायरांच्या मागं. पहिल्या फेरीत तौफीक आठवा आला. वळणाशी त्याचा डावा हात हँडलवरून वीतभर उचलला गेला आणि परत हँडलवर बसला. पाय पायट्यावर थरथरला, पण हलला नाही. त्यानं अंग आत झोकलं आणि गाडी सुतासारखी वळून गेली. मागून कुणी पुढं काढलं नाही. दुसऱ्या फेरीत हात जेमतेम सुटला. तिसऱ्या फेरीत तो हललाच नाही. तौफीकची मान तेवढी तिच्याकडं वळली आणि तो एकाला मागं टाकून निघून गेला.

जयदीप तिकडं ओरडून बेजार झाला होता. हफिजा टायरांना धरून रडत होती. तिनं मागितलं होतं तसंच होत होतं, पाय शाबूत होता, गाडी वाचली होती. आणि दर वळणाला तिला वाटत होतं, एकदा जाऊ दे, एकदाच जाऊ दे तो हात मागं. चौथ्या फेरीत गेला नाही. पाचव्या फेरीतही गेला नाही.

तौफीक चौथा आला. सोळा वर्षांत पहिल्यांदा चौथा, म्हणजे थर्मास एका माणसानं हुकला. मिसरी वेल्डरनं त्याला मिठी मारली, जयदीपनं वेळ दोनदा वाचून दाखवली. तौफीकनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हेल्मेट काखेत धरून वाळू तुडवत वळणापर्यंत चालत आला. लंगडत नव्हता. तिच्यासमोर येऊन उभा राहिला, हेल्मेटवरची वाळू झटकली.

“आज पाठीमागं लय रितं लागलं,” तो म्हणाला.

आजूबाजूला माणसं होती, चार कुवेती गृहस्थ होते, जयदीपचा फोन चालू होता. हफिजानं कुणाकडं बघितलं नाही. तिनं त्याचा हातमोजा ओढून काढला आणि नवऱ्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. लग्नाला एवढी वर्षं झाली, चारचौघांत तिनं तो कधी धरला नव्हता. त्यानं त्याच हातानं तिच्या बोटांवर एकदा थोपटलं. वाळू झटकत होतो, असं तो म्हणाला.