मशीन वाढवू का?

डिलाईल रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात जाड चष्म्याचे एक काका बसत. त्यांच्या कॉम्प्युटरला हार्डडिस्क नव्हती. सकाळी गळ्यातला पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करत आणि लगेच काढून पुन्हा गळ्यात घालत. दिवसभर सगळं मेमरीत चाले. बंद केलं की पुसलं जाई. लोकांची आधार कार्डं, दाखले आपल्याकडे राहू नयेत, एवढाच हेतू.

बाबा गेले तेव्हा चाळीतल्या शोकसभेसाठी मी तिथे बसून दोन पानं टाइप केली. दुपारी जेवायला उठताना काकांनी विचारलं, "वाढवू का?"

मला वाटलं, वेळ वाढवून देतायत. म्हटलं, "वाढवा."

स्क्रीन काळी झाली. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. तसं काका मशीन बंद करत नसत, वाढवत.

मी रडकुंडीला आलो. काका ओशाळले, डबा बाजूला सारून पुन्हा पेनड्राइव्ह लावला. म्हणाले, "बाबा तुमच्या लक्षात आहेत ना? मग लिहा परत."

या खेपेला अर्धंच पान झालं. त्यात बाबा जास्त होते.

परवा तिकडे गेलो, तर शटर खाली. शेजारचा शिंपी म्हणाला, "काकांनी दुकान वाढवलं."

मोठी जागा कुठे घेतली, असं मी विचारलं नाही.