विहारासमोरचा शाल

टोकावड्याच्या आसपास कुणाच्या दारात अनोळखी झाड फुललं की नाव विचारायला मला बोलावतात. म्हणजे, बोलावायचे. गुलमोहर, सोनमोहर, नीलमोहर ही भावंडं मी ओळखतो. जे ओळखू येत नाही त्याला ‘विलायती जात’ म्हणून मोकळा होतो. निवृत्त तलाठ्याला, गावाच्या भाऊसाहेबाला, एवढा आत्मविश्वास असतोच.

श्रीलंकेच्या धम्मयात्रेत तिथल्या विहारांत मी एक झाड पाहिलं. खाली पाटी: शाल. बुद्धांचा जन्म शालवृक्षाखाली झाला, मला तेवढं पुरेसं होतं. परत आल्यावर शहापूरजवळच्या एका रोपवाटिकेत पानांवरून तसलंच रोप हुडकलं. माळी नाव सांगायला लागला तर त्यालाच म्हटलं, “मला नको शिकवू.” आमच्या वस्तीतल्या विहारासमोर रोप लावलं, भाषण ठोकलं आणि पाणी घालायला विसरलो.

पाणी घातलं विहारासमोरच राहणाऱ्या लक्ष्मीमावशीनं. तिचा एकुलता एक शाम त्याच वर्षी अपघातात गेला होता. तेव्हापासून ती उंबरठ्याबाहेर पडत नव्हती. जेवायला हाक मारली तरी भिंतीकडे तोंड. उन्हाळ्यात रोपानं मान टाकलेली तिला खिडकीतून दिसली आणि ती हंडा घेऊन बाहेर आली. मग रोजच येऊ लागली. झाडाशी बोलता बोलता आमच्याशीही बोलायला लागली, ती अजून थांबलेली नाही.

यंदा झाड फुललं. फुलं थेट खोडाला लोंबलेली, वास पार हमरस्त्यावरच्या ढाब्यापर्यंत. मी छाती काढून उभा असतानाच वरच्या आळीतली ठकी आली. फुलातला फणा आणि त्याखालची पिंडी दाखवत म्हणाली, “अगो बाय, ह्यो तं कैलासपती!” संध्याकाळी तिच्या आळीतल्या बायका बेल घेऊन हजर. श्रीलंकेत कैलासपतीलाच शाल म्हणतात, हे मला तेव्हा कळलं; खरा शाल आमच्याकडे कुणी पाहिलेलाच नव्हता, माझ्यासकट.

बैठक बसली. विहार समितीचा मुकेश म्हणाला, “तोडून टाकू. बुद्धविहारासमोर ही रोजची कटकट नको.”

सगळ्यांत आधी मान डोलावली ती मी. झाड गेलं की माझी फजितीही गेली, असा माझा हिशेब. मावशीकडे बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

ती मागून उठली.

“माझा शाम गेला तव्हा ह्याच झाडानं मला घराबाहेर काढली. तव्हा मी नाव इचारलं नाय. आता तुमी नावापायी तोडताव?”

मुकेश ओशाळून म्हणाला, “र्‍हाऊ दे, मावशी. पण लोक इचारतील त्यांना नाव काय सांगायचं?”

“काय नको सांगू. झाडाला पाणी लागतं रे, नाव नाय लागत. नाव ह्या भाऊसाहेबांना लागतं.”

सगळे हसले, आणि तोडायचा विषय तिथंच मिटला. मीही हसलो. दुसरं करणार काय, म्हातारी खरं बोलली होती.