एक जूनचा माणूस

‘नाव तेच, जन्मतारीख तीच, वडिलांचं नाव तेच. मग माणूस तोच ना, सर?’

फोनवरची बँकेची बाई हे बोलली तेव्हा माझ्या खाणावळीत वीसेक माणसं जेवत होती. फोन आमच्या एका रोजच्या गिऱ्हाइकाचा, नेहमीसारखा स्पीकरवर. त्याचा डावा हात फोनला, उजवा वरणात, टाय खांद्यावरून पाठीवर टाकलेला. क्रेडिट कार्डं विकणारा हा आमचा साहेब, आणि त्यालाच त्याच्या बँकेनं कार्ड नाकारलं होतं.

लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? ते वाक्य त्याचंच होतं.

सिल्वासात खाणावळ चालवते त्याला बरीच वर्षं झाली. मसाटच्या कारखान्यांतली खानदेशी माणसं जेवायला येतात. हाही शिरपूरकडचा. कारखान्यांच्या गेटवर छत्री लावून कार्डांचे अर्ज भरून घ्यायचा. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल: पायात झिजलेली चप्पल, गळ्यात टाय. जेवायला बसला की टाय पाठीवर टाकायचा आणि मोबाईलवरचा आपला स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्यातल्या पतीचे गुण, सगळ्यांना दाखवायचा, पहिल्या पोराचा फोटो दाखवावा तसा.

‘बघा मावशी, सातशे एक्क्याऐंशी!’

‘त्याचं काय करू? भाजीत घालू?’

‘तुम्हाला नाही कळायचं.’

एकदा दोऱ्याच्या कारखान्यातली एक बाई त्याला शोधत आली. तिचा अर्ज नामंजूर झाला होता. ‘मी जन्मात कर्ज काढलं नाही हो, दादा,’ म्हणाली. हा मान वर न करता म्हणाला, ‘ताई, नाव तेच, तारीख तीच, मग माणूस तोच. मशीनचं काय तुमच्याशी वैर आहे?’ ती उभ्याउभ्या परत गेली. यानं ताक मागितलं.

आता पाळी याची. कार्ड विकणाऱ्याकडे स्वतःचं कार्ड नसेल तर नोकरी पक्की होत नाही, असा त्याच्या कंपनीचा नियम. मुदत महिनाअखेरपर्यंत. स्कोअर चांगला होता, पण तो लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका कंपनीकडचा. बँकेनं विचारलं तसल्याच दुसऱ्या कंपनीला.

‘अशा कंपन्या आणखी आहेत?’ त्यानं फोनवर विचारलं.

‘एकूण चार आहेत, सर.’

कार्डं विकून पोट भरणाऱ्याला हे त्या दिवशी कळलं.

त्या दुसऱ्या कंपनीच्या कागदात याच्याच नावाच्या कुणीतरी मोटरसायकल घेऊन हप्ते बुडवले होते. जन्मतारीख दोघांची एक जून. आता आमच्याकडे जन्माची तारीख कोण लिहून ठेवतं? पोराला शाळेत घातलं की गुरुजी सरळ एक जून मांडतात. मी चौथी शिकले, माझीही एक जून. आमच्या सगळ्या वर्गाची एक जून. शहरात बसलेल्यांना हे कोण सांगणार? त्यांनी दोन माणसांचा एक करून टाकला.

यानं पुरावा म्हणून शाळेचा दाखला पाठवला. दाखल्यावरही एक जूनच!

उत्तर आलं: तक्रार नोंदली आहे, तीस दिवस लागतील. महिना संपायला नऊ दिवस होते.

‘मावशी, मी तो नाही, हे दाखवायचं कसं?’

‘त्या दोऱ्यावाल्या बाईला विचार.’

मी टोमणा मारला होता. हा दुसऱ्या दिवशी खरंच गेला. गेटवर तिच्याशेजारी बसून तिचीही तक्रार भरून दिली. तिनं आधी चार शब्द सुनावले म्हणे. बरं केलं.

त्या रात्री यानं स्कोअर कुणाला दाखवला नाही. खाली बघून जेवला, ताटात काही टाकलं नाही.

महिना संपला. नोकरी गेली.

पुढे त्याचा गावाहून फोन आला. ‘मावशी, नोंद सुधारली. आणि त्या ताईंचीही.’

‘आणि नोकरी?’

‘ती केव्हाच दुसऱ्याला दिली.’

तो दुसरा एक जूनवाला कोण, कुठला, मला माहीत नाही. मोटरसायकल त्यानं फिरवली. टाय खिशात कोंबून, बॅग डोक्यावर घेऊन, भर उन्हात चालत बस स्टँडवर गेला तो हा.