सोनवणे बाईंची तक्रार

सोनवणे बाई मोबाइलसमोर बसल्या की त्यांचे हात बोलू लागत. कर्णबधिर मुलांच्या शाळेतून निवृत्त होऊन त्या भूम गावात आमच्या शेजारी राहायला आल्या. एकट्याच. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. जवळच्या तेरखेडा गावातल्या लहानग्या कर्णबधिर रेखाला त्या रोज सकाळी व्हिडिओवर खुणांची भाषा शिकवत. रेखाचे आईवडील तिथल्या फटाक्यांच्या कारखान्यात कामाला जात, म्हणून बाईंनी सगळ्यात आधी शिकवायला घेतलं ते ‘पेटलंय, लांब पळ.’ पण बाईंच्या घरातलं इंटरनेट इतकं स्लो, की ‘पेटलंय’वरच बाईंचा हात पडद्यावर गोठायचा. ‘पळ’ पोचायचंच नाही.

“माझा हातच दिसला न्हाय तर तिच्यासाठी मी मुकीच की,” त्या म्हणायच्या.

इंटरनेट कंपनीच्या पानावर त्या सांधे धरलेल्या बोटानं रोज एकेक अक्षर शोधत तक्रार लिहीत. मी घरूनच प्रोग्रामिंगची नोकरी करतो. एकदा चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, “तू मशीनला एकदा सांगतोस आन् ते तेच काम सारखं करतं, व्हय ना? मग माझी तक्रार करायला सांग की त्याला.”

मी तशी संगणकाची स्क्रिप्ट लिहिली. दर तासाला ती वेग मोजायची आणि कमी भरला की बाईंच्या नावानं तक्रार टाकायची. मजकूर बाईंनी सांगितला. “शिवी नको. वेळ लिही, स्पीड लिही, आन् नेट कशासाठी लागतं ते लिही.” दर वेळी कंपनीचं एकच उत्तर येई, गैरसोयीबद्दल क्षमस्व. तेही मशीनच लिहीत असणार. बाई मात्र चष्मा लावून प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत वाचत.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला. तीन तालुक्यांना तो एकटाच. वायर तपासून उंबऱ्यावरच बसला. “बाई, तुमची लाइन चांगली हाय. मागं कंपनीकडनंच स्पीड येत न्हाय, त्याला मी काय करू? पण तुमची एकेक तक्रार माझ्या नावावर पडती. साहेब म्हणतोय, आता तुला कामावरनं काढूनच टाकतो.”

बाईंनी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर त्यांनी रिकामा पेला विसळून ठेवला. मग म्हणाल्या, “बंद कर ते. मला वाटलं, आपण कंपनीला बोलतोय.”

मी बंद केलं. खरं तर मलाही सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर बाई आठवड्यातून दोनदा एसटीनं तेरखेड्याला जाऊ लागल्या. परत येत तेव्हा चेहऱ्यावर धूळ आणि हातात रिकामी पाण्याची बाटली.

“दमता हो तुम्ही,” मी म्हणायचो.

“दमते की. पण तिथं ‘पळ’ म्हटलं की पोरगी पळती.”

वर्षभरानं गुडघ्यांनी साथ सोडली. भाची येऊन त्यांना लातूरला घेऊन गेली. आठवड्यानं त्यांचा फोन आला. मी विचारलं, “तिकडं नेट कसं आहे, बाई?”

“लई फास्ट हाय रे,” त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. “पण रेखाच्या गावात धड रेंज न्हाय ना. ‘पळ’ आता तिकडं अडकतं.”